मधुमेह्यांसाठी घरचे दही : साखर किती, प्रथिने किती?

‘डॉक्टर, साखरेच्या आजारात दही चालते का?’ हा प्रश्न मला पूर्णा येथील दवाखान्यात आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकावा लागतो. विचारणारे दोन प्रकारचे असतात. काहींनी कोणाच्या तरी सांगण्यावरून दही-ताक पूर्ण बंद केलेले असते. इतरांच्या हातात मोबाईलवर आलेला संदेश असतो : दह्यात साखर मुळीच नसते, तेव्हा हवे तेवढे खावे. दोन्ही टोके चुकीची आहेत. म्हणून या आठवड्यात घरच्या घरी कमी कर्बोदकांचे दही कसे करावे, त्यात खरोखर किती साखर उरते आणि ते कोणी किती खावे, याचा थोडा हिशेब मांडावासा वाटतो.

विषय किरकोळ नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या पाहणीचे देशव्यापी निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि त्याहूनही अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आपल्या भिवंडी परिसराचे जीवनमानही पालटले आहे. काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ या पट्ट्यात जिथे भाताची खाचरे होती तिथे आज गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. शेतीची अंगमेहनत गेली, खुर्चीवरचे काम आले. पण ताटातला भात आणि तांदळाची भाकरी मात्र शेतावर राबणाऱ्या माणसाच्या मापानेच राहिली. त्याचा परिणाम आम्हा डॉक्टरांना रक्ताच्या तपासणीत दिसतो.

दुधातली साखर जाते कुठे?

दुधात निसर्गतःच एक साखर असते. तिला दुग्धशर्करा किंवा लॅक्टोज म्हणतात. गाईच्या दुधात १०० ग्रॅमला साधारण साडेचार ग्रॅम, तर म्हशीच्या दुधात साधारण पाच ग्रॅम, असे तिचे प्रमाण असते. आपण दुधाला विरजण लावतो म्हणजे त्यात जिवंत जिवाणू सोडतो. यांपैकी एका प्रमुख जिवाणूचा शोध १९०५ साली बल्गेरियाच्या स्तामेन ग्रिगोरॉव्ह या तरुण वैद्यकाने लावला. म्हणून त्याच्या नावात आजही ‘बल्गेरिकस’ हा शब्द आहे. आपल्या घरच्या विरजणात त्याचे इतरही भाऊबंद असतात. हे जिवाणू दुग्धशर्करा खातात व तिचे लॅक्टिक आम्ल करतात. या आम्लानेच दूध घट्ट होते आणि दह्याला आंबटपणा येतो.

मग सगळी साखर संपते का? नाही. आम्ल वाढत गेले की जिवाणूंचे काम आपोआप मंदावते. स्वतःच तयार केलेल्या आंबटपणात त्यांना पुढे वाढता येत नाही. त्यामुळे दही लागेपर्यंत साधारण पाव ते एक तृतीयांश साखर खर्ची पडते, बाकीची तशीच राहते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या आणि सर्वपरिचित तक्त्यात गाईच्या दुधातील कर्बोदके १०० ग्रॅमला ४.४ ग्रॅम आणि त्याच्या दह्यातील ३ ग्रॅम अशी दिलेली आहेत. ‘चोवीस तास ठेवलेल्या दह्यात साखर शून्य’ हा दावा म्हणूनच खरा मानू नये. जास्त वेळ ठेवलेल्या दह्यातली साखर आणखी थोडी घटते, पण शून्यावर येत नाही. दही मात्र जीभ आंबेल इतके आंबट होते.

दूध पचत नाही, पोट फुगते, पण दही सोसते, असे सांगणारी मंडळी पुष्कळ असतात. त्याचेही कारण हेच. दह्यात दुग्धशर्करा काहीशी कमी असते आणि उरलेली पचवायला दह्यातले जिवाणूच मदत करतात.

दूध कोणते घ्यावे?

‘मी लो-फॅट दूध आणते, त्यात साखर कमी असते ना?’ असे एका वहिनींनी विचारले होते. उत्तर आहे, नाही. पिशवीच्या दुधाचे जे प्रकार आहेत ते स्निग्धांशावरून ठरतात. फुल क्रीम दुधात किमान ६ टक्के, टोन्ड दुधात ३ टक्के आणि डबल टोन्ड दुधात दीड टक्का स्निग्धांश असतो. साय काढली म्हणून दुग्धशर्करा कमी होत नाही, कारण ती सायीत नसते, दुधाच्या पाण्यात विरघळलेली असते. ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी, पुढचा सगळा हिशेब तिच्यावरच उभा आहे.

जाता जाता सांगतो, टोन्ड दूध ही आपल्या मुंबईचीच देणगी. मुंबईच्या दूध योजनेचे काम पाहणारे दारा खुरोडी यांनी १९४० च्या दशकात म्हशीच्या घट्ट दुधात सायविरहित दुधाची भुकटी व पाणी मिसळून ते अधिक लोकांना परवडेल असे केले. पुढे १९६३ साली त्यांना व्हर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासमवेत मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ती सोय गरिबाच्या घरी दूध पोचावे म्हणून होती, मधुमेहासाठी नव्हे.

घरच्या दह्यासाठी माझी शिफारस अशी : म्हशीचे दूध घेत असाल तर तापवून, गार करून वरची साय काढावी. पिशवीचे घेत असाल तर टोन्ड घ्यावे. दही घट्ट व्हावे म्हणून काही घरांत दुधाची पावडर घालतात. ती मधुमेह्याच्या दह्यात घालू नये. सायविरहित पावडरीत निम्म्याच्या आसपास दुग्धशर्कराच असते. दोन मोठे चमचे पावडर घातली की सात-आठ ग्रॅम साखर नकळत वाढली.

कृती

साहित्य : एक लिटर दूध, दोन लहान चमचे ताजे, आंबट न झालेले विरजण, पातळ सुती फडके, चाळणी आणि तिच्याखाली बसेल असे पातेले.

१) दूध चांगले उकळू द्यावे आणि मंद आचेवर पाच-दहा मिनिटे ढवळत ठेवावे. यामुळे दुधातली प्रथिने दह्यात अधिक धरून राहतात व दही घट्ट लागते.

२) दूध कोमट होऊ द्यावे. स्वच्छ करंगळी बुडवून दहापर्यंत अंक मोजता आले, चटका बसला नाही, की समजावे विरजण लावण्याची वेळ झाली. तापमापक असेल तर ४० ते ४५ अंश सेल्सिअस. दूध फार गरम असेल तर जिवाणू मरतात, फार गार असेल तर दही लागत नाही, तार सुटते.

३) विरजण थोड्या दुधात मोडून सगळ्या दुधात मिसळावे. भांडे स्टीलचे, काचेचे किंवा मातीचे घ्यावे. मातीचे गाडगे दह्यातले थोडे पाणी शोषून घेते. पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यात दही लावू नये. कल्हई उडाली असेल तर आंबटपणामुळे धातू दह्यात उतरतो आणि बाधतो.

४) आपल्याकडच्या दमट उन्हाळ्यात चार-पाच तासांत दही लागते. थंडीत आठ-दहा तास लागतात. तेव्हा भांडे गोधडीत गुंडाळून किंवा पिठाच्या डब्यात ठेवावे. दही लागल्यावर आणखी दोन-तीन तास तसेच राहू द्यावे, म्हणजे साखर थोडी आणखी उतरेल.

५) मग दही दोन तास फ्रिजमध्ये गार करावे. चाळणीवर फडके दुहेरी घालून त्यात ओतावे व झाकून फ्रिजमध्येच सहा ते आठ तास निथळू द्यावे. आपल्या हवेत खुंटीला रात्रभर टांगलेले दही सकाळी आंबून जाते. फ्रिज नसेल तर घरातल्या गार जागी झाकून तीन-चार तासच निथळावे आणि त्याच दिवशी संपवावे. फडके आधी उकळून उन्हात वाळवलेले असावे.

हाच आपला चक्का. श्रीखंडासाठी पिढ्यान् पिढ्या आपल्या घरांत होतो तोच. बाजारात हल्ली ‘ग्रीक दही’ म्हणून महाग डबे मिळतात, तो पदार्थ याच्याच जवळचा.

आता हिशेब

एक लिटर दुधात सुमारे ५० ग्रॅम दुग्धशर्करा धरू. दही लागताना त्यातली पंधराएक ग्रॅम गेली. ३५ ग्रॅम उरली. म्हणजे १०० ग्रॅम साध्या दह्यात साडेतीन ग्रॅम.

दही निथळले की साधारण ४०० ग्रॅम चक्का आणि ६०० मिलिलिटर निवळी मिळते. साखर पाण्यात विरघळलेली असल्याने जिकडे पाणी तिकडे ती. दोन तृतीयांश साखर निवळीबरोबर गेली, चक्क्यात १२ ग्रॅमच्या आसपास उरली. हे वाचून पुष्कळांना वाटेल, अरे वा, साखर एकदम कमी झाली! पण थांबा. ही १२ ग्रॅम साखर ४०० ग्रॅम चक्क्यात आहे. म्हणजे १०० ग्रॅमला तीन ग्रॅम. साध्या दह्यात साडेतीन, चक्क्यात तीन. वजनावर पाहिले तर फरक अगदी थोडा.

मग निथळण्याचा उपयोग काय? उपयोग प्रथिनांचा. १०० ग्रॅम साध्या दह्यात सुमारे चार ग्रॅम प्रथिने असतात, चक्क्यात नऊच्या आसपास. नऊ ग्रॅम प्रथिने साध्या दह्यातून घ्यायची तर सव्वादोनशे ग्रॅम दही खावे लागेल व त्याबरोबर आठ ग्रॅम साखर जाईल. चक्क्यातून तेवढीच प्रथिने तीन ग्रॅम साखरेत मिळतात. शिवाय घट्ट पदार्थ थोडा खाल्ला तरी पोट भरल्यासारखे वाटते. वाटीभर चक्का मात्र वाटीभर दह्याच्या मापाने खाऊ नये. अर्धी लहान वाटी पुरे.

साखर आणखी कमी करायची असेल तर एक साधी युक्ती आहे. तयार चक्क्यात उकळून पूर्ण गार केलेले ४०० मिलिलिटर पाणी घालावे, हलक्या हाताने मिसळावे आणि पुन्हा फडक्यातून निथळावे. पाणी टँकरचे असो वा नळाचे, उकळलेलेच घ्यावे. उरलेल्या साखरेतली निम्म्याहून अधिक या पाण्याबरोबर निघून जाते आणि १०० ग्रॅम चक्क्यात ती सव्वा ग्रॅमच्या आसपास राहते. चक्क्याचा आंबटपणाही कमी होतो. ज्यांना आंबट सोसत नाही त्यांना तो आवडतो. चीज करणारे कारागीर काही प्रकारांत दह्याचे कण असेच पाण्याने धुतात.

या प्रत्येक गोष्टीची किंमत असते. निवळीबरोबर साखर जाते तसेच बरेच कॅल्शियम आणि ‘ब’ जीवनसत्त्वेही जातात. तिचा हिरवट रंग हा अशाच एका जीवनसत्त्वाचा, रायबोफ्लेविनचा. म्हणून कॅल्शियमसाठी चक्क्यावर विसंबू नये; नाचणी, तीळ, पालेभाज्या आहारात असाव्यात. निवळी फेकू नये. घरातल्या मुलांना व मधुमेह नसलेल्यांना ती कढीत, आमटीत किंवा कणीक भिजवायला वापरावी.

स्निग्धांशाचेही तसेच. म्हशीच्या सायीसकट दुधाचा चक्का केला तर सगळे लोणी त्या ४०० ग्रॅममध्ये एकवटते, म्हणजे १०० ग्रॅमला १५-१६ ग्रॅम. हृदयविकार किंवा वाढलेले कोलेस्टेरॉल असणाऱ्यांनी साय काढलेल्या दुधाचाच चक्का करावा.

श्रीखंड आणि बाजारचे डबे

चक्का चांगला म्हणून श्रीखंड चांगले, असा सोयीस्कर अर्थ काढू नये. बाजारच्या श्रीखंडात १०० ग्रॅमला ४० ग्रॅमच्या आसपास साखर असू शकते, म्हणजे आठ चमचे. फळांच्या चवीचे दही, गोड लस्सी, आम्रखंड यांचेही तेच. डब्यावर ‘लो-फॅट’ लिहिलेले पाहून फसू नये. मागच्या बाजूला कर्बोदके आणि वरून घातलेली साखर यांचे आकडे छापलेले असतात, ते वाचावेत. घरात चष्मा आजोबांचा असेल, तर नातवाकडून वाचून घ्यावेत.

ताक मात्र बिनधास्त घ्यावे. पोषण संस्थेच्या त्याच तक्त्यात ताकातील कर्बोदके १०० ग्रॅमला अर्धा ग्रॅम आहेत. त्यात चमत्कार काही नाही, पाणी अधिक म्हणून आकडा कमी. रक्तदाब असणाऱ्यांनी मीठ बेताने, जिरे-हिंग चवीपुरते घालावे.

खरी साखर ताटात कुठे आहे?

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. १०० ग्रॅम दह्यातली तीन-साडेतीन ग्रॅम दुग्धशर्करा हा मधुमेह्याचा मुख्य शत्रू नव्हे. १०० ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे २८ ग्रॅम कर्बोदके असतात. ५० ग्रॅम तांदळाच्या पिठाच्या एका भाकरीत जवळजवळ ४० ग्रॅम. दोन भाकऱ्या आणि वर भात खाऊन दह्यातली दोन ग्रॅम साखर धुऊन काढण्यात काही अर्थ नाही. चक्क्याचा खरा लाभ तेव्हा, जेव्हा तो दुसऱ्या भाकरीची जागा घेतो. एक भाकरी, भरपूर पालेभाजी, एखादी उसळ आणि अर्धी वाटी चक्का, असे ताट असावे. चक्क्यात किसलेली काकडी, भाजलेल्या जिऱ्याची पूड व कोथिंबीर घालावी. वांग्याच्या वा दुधी भोपळ्याच्या भरितात कालवावा. किंवा जवसाची, लसणाची चटणी मिसळून तोंडी लावावा.

आपल्याकडील अनेक घरांत मासळी-सुकटीच्या जेवणाबरोबर दही खात नाहीत. ती रीत पाळायची असेल तर खुशाल पाळावी. मासळीतून उत्तम प्रथिने मिळतातच. त्या दिवशी चक्का नाही खाल्ला तरी काही बिघडत नाही.

एकदम उपास नको

आता सर्वांत महत्त्वाचे. आमच्या भागातील एका गोदामात काम करणारे पन्नाशीचे एक मुकादम माझ्याकडे उपचार घेतात. कोणीतरी सांगितले म्हणून त्यांनी भात-भाकरी एका दिवसात बंद केली आणि सकाळ-संध्याकाळ नुसता चक्का व काकडी सुरू केली. साखरेच्या गोळ्या मात्र पूर्वीच्याच मापाने चालू. तिसऱ्या दिवशी दुपारी मालाची मोजणी करताना त्यांना दरदरून घाम फुटला, हातपाय थरथरू लागले आणि ते खाली बसले. सोबतच्या हमालाने समयसूचकता दाखवून साखरेचे पाणी पाजले आणि रिक्षात घालून दवाखान्यात आणले. साखर तपासली तर त्यानंतरही ती ६२.

‘डॉक्टरसाहेब, मी तर पथ्यच करत होतो,’ ते म्हणाले.

‘काका, पथ्य बदलले की गोळीचे मापही बदलावे लागते. ते आपण दोघांनी मिळून करायचे,’ असे मी त्यांना सांगितले. पुढे त्यांची एक गोळी कमी केली, एक भाकरी परत ताटात आणली, आणि आता त्यांची साखर आटोक्यात आहे. घरी चक्का त्यांच्या पत्नी अजूनही करतात.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि ग्लिमेपिराइडसारख्या साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी कर्बोदके अचानक कमी करू नयेत. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्यांवर असताना कर्बोदके जवळजवळ बंद केली, तर रक्तात आम्ल साचण्याचा गंभीर धोका असतो. आणि तेव्हा साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसल्याने तो लवकर लक्षातही येत नाही. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप अशी लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी प्रथिने वाढवण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. गरोदर स्त्रियांनीही असे प्रयोग स्वतःच्या मनाने करू नयेत.

साखर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी. रोगी बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, ताबडतोब दवाखान्यात न्यावे. अशा वेळी दही-चक्का देऊन उपयोग नाही. त्यातली साखर फार थोडी असते आणि रक्तात उतरायला वेळ लावते.

२०२४ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दह्याच्या डब्यावर असे छापायला परवानगी दिली, की नियमित दही खाण्याने मधुमेहाचा धोका कमी होऊ शकतो. मात्र यासाठीचा पुरावा मर्यादित आहे, हेही त्यातच नमूद करायला लावले. ही बातमी आपल्याकडे ‘दह्याने मधुमेह बरा होतो’ अशा रूपात फिरली. धोका थोडा कमी होणे वेगळे आणि आजार बरा होणे वेगळे.

तेव्हा वाचकहो, दही सोडू नका आणि त्याला औषधही मानू नका. ज्यांच्याकडे साखर तपासण्याचे यंत्र आहे त्यांनी एक साधा प्रयोग करून पाहावा. एके दिवशी नेहमीचे जेवण घेऊन दोन तासांनी साखर तपासावी आणि वहीत लिहावी. दुसऱ्या दिवशी त्याच जेवणातला थोडा भात कमी करून त्याजागी अर्धी वाटी चक्का घ्यावा व पुन्हा तपासावी. इन्सुलिन वा गोळ्या घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना सांगूनच हे करावे. आठवड्यात तीन-चार वेळा केलेल्या अशा नोंदी घेऊन पुढच्या तपासणीला जावे. डॉक्टरांना तुमच्या गोळीचे माप ठरवायला त्या वहीचा फार उपयोग होतो.